आधी संभाजीनगर, मग समुद्र

क्रूझचं जहाज शनिवारी संध्याकाळी मुंबईतून सुटणार होतं आणि आम्ही परभणीतून निघालो मंगळवारी सकाळी. गल्लीत ज्याला कळलं त्यानं विचारलं, "इतक्या लवकर कावून?" शुक्रवारी रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दुपारी जहाजात चढायचं, असा सोपा रस्ता असताना चार दिवस आधी घर सोडणं लोकांना नवल वाटत होतं.

माझं मत अगदी पक्कं आहे. जहाजाच्या दिवशी रात्रभराचा प्रवास करून मुंबईत उतरू नये. आपल्याकडचा परभणी ते मनमाड मार्ग अजून बराचसा एकेरी आहे, समोरून गाडी आली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी राहते. पुढं कसाऱ्याचा घाट, त्याच्यापुढं मुंबईच्या लोकल. कुठंही तास-दोन तास जाऊ शकतात. एरवी गाडी चुकली तर पुढची मिळते. जहाजाचं तसं नाही. सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं, पुढच्या बंदरात जाऊन चढता येईलच असं नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

दुसरं कारण अण्णांचं. या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंचाहत्तर पूर्ण झाली. ताई म्हणाली होती, मंगल कार्यालय घेऊ, गावजेवण घालू. अण्णा म्हणाले, "माणसं जेवून जातील. मला समुद्र दावा." त्यांनी मोठं पाणी पाहिलंय ते पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं. आमच्या शेताला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आहे, १९७६ साली धरण पूर्ण झालं तेव्हा ते पाहायला ट्रॅक्टरमध्ये बसून गेले होते. समुद्र मात्र राहूनच गेला. आता गुडघे कुरकुरतात, आईला बीपीची गोळी आहे. अशा माणसांना रात्रभर गाडीत हलवत नेऊन थेट जहाजाच्या रांगेत उभं करणं मला पटत नव्हतं. ताई आणि दाजी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतात, तेही सोबत येणार होते. म्हणून ठरलं, आधी ताईकडं मुक्काम, मग दिवसाच्या गाडीनं मुंबई, मुंबईत एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी जहाज.

महिना जानेवारीचा, संक्रांत होऊन गेलेली. हा काळ मुद्दाम धरला. समुद्र शांत असतो, उकाडा नसतो आणि आपल्याकडं हुरडा आलेला असतो.

मंगळवार

निघायचा वार वेरूळ पाहून ठरवला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. मराठवाड्यातल्या माणसालाही हे ऐनवेळी आठवत नाही. मंगळवार प्रवासात घातला की बुधवार वेरूळला मोकळा मिळतो.

सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं निघालो. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, मधेच हरभरा, कुठं कुठं कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या बाया. आईनं मुरमुऱ्यांची सुशीला डब्यात आणली होती, ती जालन्याच्या आत संपली. बदनापूरच्या पुढं अण्णांनी विचारलं, "जहाजात झोपायला बर्थ असतात का खाटा?" माझी मुलगी आठवीत आहे. तिनं मोबाईलवर खोलीचा फोटो दाखवला. अण्णांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "खिडकी उघडत नसंल ही." उघडत नाहीच. त्यांनी फोटोवरून बरोबर ओळखलं.

ताईकडं पोचल्यावर त्या दिवशी काहीही केलं नाही. हेही आधीच ठरलेलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघालात तर पोचायचा दिवस मोकळा ठेवा. जेवण, झोप, संध्याकाळी कॅनॉट गार्डनला एक चक्कर, बस.

रात्री दाजींनी टेबलावर सगळी कागदपत्रं मांडली. दाजी कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. कागद नीट लावणं हा त्यांचा धर्म. प्रत्येकाचं आधार कार्ड मूळ, झेरॉक्स वेगळी. जहाज देशातल्या देशातच जाणार असलं तरी मूळ ओळखपत्र लागतं. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडं हा घोळ नेहमीचा, एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं. बुकिंग करतानाच आम्ही आधार समोर ठेवून नावं घातली होती. मग ऑनलाइन चेक-इन केलं. त्यात फोटो लागतो, तब्येतीचे प्रश्न असतात, शेवटी कितीच्या सुमारास टर्मिनलवर यायचं ती वेळ मिळते. ती वेळ दाजींनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली.

बुधवार

सकाळी आठलाच गाडी केली. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर. वाटेत दौलताबाद लागतं. अण्णांना किल्ला चढवायचा नव्हता, तरी गाडी थांबवून खालूनच पाहिला. भिल्लम यादवाची देवगिरी, १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी आणली ती इथंच. चांदमिनार सकाळच्या उन्हात उभा होता. मुलीला वर जायचं होतं, अंधारीतून जायचं होतं. तिला सांगितलं, तो किल्ला अर्धा दिवस मागतो, दोन तासांत उरकायचा नाही. ती रुसली. तिच्या जागी मी असतो तर मीही रुसलो असतो. परतल्यावर एका रविवारी तिला एकटीला घेऊन यायचं कबूल केलंय.

वेरूळला चौतीस लेणी आहेत आणि सगळी पाहायची म्हटलं तर पाहणं राहतं बाजूला, चालणंच होतं. आम्ही तीन निवडली. दहावं, म्हणजे विश्वकर्मा लेणं, छताला दगडाच्या फासळ्या असलेलं. त्याला सुतार की झोपडी म्हणतात, आणि लाकडाचं काम दगडात उतरवलेलं दिसतंच. मग सोळावं कैलास. शेवटी जैन लेण्यांतलं बत्तिसावं, इंद्रसभा.

कैलासासमोर अण्णा किती वेळ उभे होते सांगता येत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मंदिर वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग भिंती, शेवटी पाया. दाजी हे समजावून सांगू लागले तर अण्णांनी हात वर केला. "विहीर खांदल्यागत. वरून खाली. मधला दगड तेवढा ठेवला." अण्णांनी तरुणपणी स्वतःची विहीर सुरुंग लावून खांदलीय. चौथऱ्यावरच्या हत्तींना हात न लावता ते जवळून पाहत होते आणि छिन्नीच्या खुणा शोधत होते. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो तो देखावा आहे. पार्वती घाबरून शंकराचा हात धरते, शंकर पायाच्या अंगठ्यानं डोंगर दाबतो. आईनं तिथं चप्पल बाजूला काढून हात जोडले. तो डोंगर हलतोय हे दगडात दाखवणाऱ्या माणसाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

घृष्णेश्वरला दर्शनाची रांग छोटी होती. आत्ताचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातले कपडे काढायचे, अण्णांनी सदरा काढून माझ्याकडं दिला आणि आत गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता समुद्रात जायला हरकत नाही."

परतीच्या वाटेवर खुलताबादच्या अलीकडं दाजींच्या ओळखीच्या शेतात हुरडा होता. आगटी पेटलेली, गुळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात. शेतकरी कणीस हातावर चोळून गरम दाणे ओतत होता. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, रेवड्या. मुलीनं एवढा खाल्ला की रात्रीचं जेवण नको म्हणाली. इथं आईनं एक विचारलं, ते पुढं कामी आलं. "जहाजात काय काय नेता येतं? मी दशम्या करणार होते, चटणी, लाडू."

घरचं खायचं नेता येत नव्हतं. तिकिटासोबत आलेल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड नाही, ते सगळं आगीच्या भीतीमुळं. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते, समुद्राच्या मधोमध बंब कुठून येणार. म्हणून मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, काडेपेटी नाही. आई रोज सकाळी निरांजन लावते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हरिपाठ तर नेता येतो ना?" हरिपाठाला कोण अडवणार!

गुरुवार

या दिवसासाठीच खरं तर मी संभाजीनगरचा मुक्काम एक दिवसानं लांबवला होता.

शहरात पाहुणे आले की बीबी का मकबरा होतोच, आम्हीही पाहिला. आजमशाहानं आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी बांधलेला. लोक ताजमहालाशी तुलना करून निघून जातात. मला तो सकाळी आवडतो, मागं डोंगर धुरकट असताना. पण त्याच डोंगरात लेणी आहेत आणि तिथं फार कमी लोक जातात. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली ही औरंगाबादची लेणी झाकली गेली. सहाव्या-सातव्या शतकातली, बहुतेक बौद्ध. पायऱ्या आहेत. अण्णांनी काठी घेतली, मधे दोनदा बसले, पण चढले.

आम्हाला सातवं लेणं पाहायचं होतं. तिथं दरवाजाशेजारच्या भिंतीवर अवलोकितेश्वराची, म्हणजे संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाची, उभी मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोनी देखावे. प्रत्येकात संकटात सापडलेली माणसं आणि त्यांच्याकडं धावून येणारा अवलोकितेश्वर. आग, चोराची तलवार, बेडी, हत्ती, सिंह, साप, मरण. आणि त्यांतच एक नाव. नावेतली माणसं हात जोडून बसलेली, समुद्र खवळलेला, नाव फुटण्याच्या बेतात. आठ महाभयांतलं हे एक, जहाजफुटीचं.

मुलीनं विचारलं, "इथं समुद्र कुठंय?"

या प्रश्नाची दाजी बहुधा वाटच पाहत होते. तिथंच दगडावर बसून त्यांनी सांगितलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची वही लिहिली, पेरिप्लस. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं लिहिलंय. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून मौल्यवान दगड, तेरहून साधं कापड आणि मलमल, हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर जायचं. तिथून जहाजानं पश्चिमेकडं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, तशीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. "म्हणून इथल्या माणसाला जहाजफुटी माहीत होती," दाजी म्हणाले. "ज्याचा माल जहाजात, त्याचा जीव टांगणीला. लेण्याला दान देणारे व्यापारीच असायचे."

अण्णा लेण्याच्या ओट्यावर बसून शहराकडं पाहत होते. मी त्यांना पाणी दिलं तर म्हणाले, "म्हंजे आपलं कापड गेलं आधी. माणसं आत्ता चाललीत." मराठवाडा म्हणजे कोरडा, समुद्राशी संबंध नसलेला, दुष्काळाचा मुलूख, असं आम्हीच एकमेकांना सांगत आलो. शाळेच्या पुस्तकात तेरचं नाव एका ओळीत उरकलं होतं. या पोरीला तो देखावा जहाजात बसायच्या आधी दिसला याचं मला फार समाधान आहे. परत येताना तो तिला तसा दिसला नसता.

पाणचक्की जाताजाता पाहिली. सहाएक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणून त्यावर पिठाची चक्की चालवलेली, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि गरिबांसाठी. अण्णांना चक्कीपेक्षा नळात रस होता. पाणी उंचावरून कसं आणलं, मधे दाब कुठं सोडला, हे ते तिथल्या माणसाला विचारत बसले.

आई पैठणला जाऊया म्हणाली होती. नाथांचं दर्शन आणि पन्नास किलोमीटर. मन मोडवत नव्हतं, पण त्या दिवशी पैठण घातलं असतं तर सगळे संध्याकाळी थकून आले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. आईलाच विचारलं. ती म्हणाली, "नाथषष्ठीला येणारच आहे मी दिंडीसंगं. तेव्हा बघू." पुढच्या मोठ्या प्रवासाआधीच्या मुक्कामात काय वगळायचं हे म्हाताऱ्यांना विचारून ठरवावं. त्यांना आपल्यापेक्षा नीट कळतं.

दुपारी झोप. संध्याकाळी बांधाबांध, तीही शांतपणे. प्रत्येकाची मोठी बॅग टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि तासाभरानं, कधी संध्याकाळपर्यंत, खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. तोवर काही लागलं तर बॅग उघडता येत नाही. म्हणून औषधं, आधार, चष्मा, एक जोड कपडे, चार्जर हातातल्या पिशवीत. आईच्या गोळ्या बायकोनं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. ताईच्या डॉक्टरांकडून मळमळीची गोळी लिहून घेतली, कारण बीपीच्या गोळीबरोबर कोणती चालते हे आपण ठरवायचं नसतं. खोल्याही खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधल्या भागात घेतल्या होत्या. तिथं डुलणं सगळ्यात कमी जाणवतं.

मग अण्णांची चंची निघाली. तिच्यात सुपारी, लवंग, चुना आणि अडकित्ता. अडकित्ता त्यांच्या वडिलांचा, पितळी मुठीचा. धारदार वस्तू तपासणीत काढून घेतात. अण्णांना सांगितलं, परत मिळेल की नाही सांगता येत नाही. अण्णा काही बोलले नाहीत. बसून सगळी सुपारी कातरली, डबीत भरली आणि अडकित्ता फडक्यात गुंडाळून ताईच्या देवघरात ठेवला. आईनं निरांजन त्याच्याशेजारी ठेवलं.

शुक्रवार

वंदे भारत आठनंतर संभाजीनगरहून निघते आणि दुपारी दोन-अडीचला सीएसएमटीला पोचते. म्हाताऱ्यांसाठी ही गाडी मला सगळ्यात सोयीची वाटते. दिवसाचा प्रवास, स्वच्छ शौचालय, संध्याकाळ हातात. ताईनं रात्री धपाटे करून ठेवले होते, दह्याचा छोटा डबा आणि चटणी. जहाजात चालत नाही ते गाडीत खाऊन घेतलं.

लासूर, रोटेगाव गेलं आणि मराठवाडा संपला. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले खिडकीतून गेले. मनमाड, नाशिक, मग इगतपुरीच्या पुढं थळ घाट. सदतीस फुटांना एक फूट उतार आहे तिथं. आमच्या पठारावरून खाली उतरतोय हे कानात दडे बसल्यावर कळलं. खाली हवाच बदलते, दमट लागते. कल्याण आलं तेव्हा दाजी मुलीला म्हणाले, "पेरिप्लसमध्ये कल्याणचं पण नाव आहे. पैठणहून नाणेघाटानं उतरलं की इथंच." ती खिडकीला नाक लावून बसली.

लॉज फोर्टमध्ये घेतला होता, सीएसएमटी आणि जहाजाचा धक्का बॅलार्ड पियर यांच्या मधे. लोक स्वस्तात पडतं म्हणून ठाण्याकडं राहतात आणि जहाजाच्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकतात. खोली लहान होती, लिफ्ट होती, तेवढं बास. स्टेशनबाहेर येताना अण्णांनी मागं वळून इमारत पाहिली. १८८७ची, घुमट, जाळ्या, कोरलेले प्राणी. "हे बी कोरलेलंच," म्हणाले.

संध्याकाळी टॅक्सीनं गेटवेला गेलो. मी मुद्दाम कोणाला काही सांगितलं नाही. कमानीच्या बाजूनं कठड्याशी गेल्यावर समोर पाणी होतं. अण्णांनी कठड्याला हात टेकले. बोटी डुलत होत्या, वास होता खारट, डिझेलचा, माशांचा. आईनं विचारलं, पलीकडचा काठ कुठंय. पलीकडं एलिफंटा आणि त्यामागं उरणची बाजू दिसत होती, म्हणजे हे खाडीचं तोंड, खरा समुद्र दुसऱ्या बाजूला, असं दाजी सांगत होते. अण्णा म्हणाले, "नाथसागर असाच दिसतो. उद्या बघू काठ जातो का."

१९२४ साली गेटवे उभा राहिला, त्याचा आराखडा जॉर्ज विटेटचा. बॅलार्ड इस्टेटही त्याचीच. परतताना तिथून गेलो. जुन्या काळी विलायतेची बोट बॅलार्ड पियरला लागायची आणि प्रवासी धक्क्यावरूनच रेल्वेत बसायचे, धक्क्यावर स्टेशनच होतं, बॅलार्ड पियर मोल. १९२८ला सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथल्या प्रवाशांना घेऊन पेशावरकडं जायची. मी हे वाचलेलं होतं, पण रात्री त्या दगडी इमारतींमधून चालताना ते खरं वाटलं. आई मात्र थकली होती, दहाच्या आत झोपलो.

शनिवार

सकाळ निवांत. घाई नसणं हाच या सगळ्या आखणीचा हिशेब होता आणि तो जमला. इडली, चहा, अण्णांची दाढी. अकराला लॉज सोडला, सामान तिथंच खाली ठेवायला दिलं. मुलीला घेऊन मी फक्त सीएसएमटीच्या आतला जुना तिकीटघराचा भाग पाहून आलो.

दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी टॅक्सीनं टर्मिनलवर. बॅलार्ड पियरचं नवं क्रूझ टर्मिनल विमानतळासारखं आहे, मोठं, उजेडाचं. बॅगांना कागदी पट्ट्या लावल्या, त्यावर खोलीचा नंबर, आणि बॅगा पट्ट्यावरून गेल्या. तपासणी, ओळखपत्र, फोटो. अण्णांची सुपारीची डबी त्यांनी उघडून पाहिली, वास घेतला आणि परत दिली. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, आई बसली, अण्णा नाही म्हणाले. मग प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. तेच खोलीची चावी, तेच आत पैशाऐवजी चालतं, तेच उतरताना-चढताना दाखवायचं. बायकोनं सगळ्यांची कार्डं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

जहाज दिसलं ते टर्मिनलच्या काचेतून. कॉर्डेलियाची एम्प्रेस. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधीची नावं वेगळी, २०२१पासून भारतातून फिरते. अकरा मजले. लांबी दोनशे मीटरच्या वर. अण्णा थांबले. त्यांनी मान वर केली, डावीकडून उजवीकडं पाहिलं, परत डावीकडं आणले डोळे. "एवढं लोखंड पाण्यावर राहतं?" मुलीनं तरंगण्याचा नियम सांगितला, शाळेत नुकताच झाला होता, बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन आणि जहाजाचं वजन. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि चालू लागले.

आत गेल्यावर जेवणाआधी एक कवायत होते आणि ती चुकवता येत नाही. कुठल्या जागी जमायचं ते कार्डावर लिहिलेलं. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की तिथं यायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. काही प्रवासी कंटाळले होते, मोबाईल पाहत होते. मला राग आला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, बत्तीस माणसं गेली, आणि त्यातल्या कित्येक प्रवाशांची अशी कवायत झालीच नव्हती. त्यानंतर २०१५पासून नियमच झाला, जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत. मुलगी जाकिटाचे पट्टे लक्ष देऊन पाहत होती. मग तिनं आजीच्या जाकिटाचे पट्टे स्वतः बांधले आणि आजीला दोनदा विचारलं, "घट्ट होतंय का?"

संध्याकाळी दोर सोडले. ढकलबोटींनी जहाज हळूहळू धक्क्यापासून दूर नेलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. आधी गोदीच्या क्रेन गेल्या, मग गेटवे छोटा दिसला, मग कुलाब्याचं टोक. मुंबईचे दिवे एका बाजूला राहिले आणि दुसऱ्या बाजूला काहीच राहिलं नाही. अण्णा त्या रिकाम्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "गेला काठ."

ताईनं तेवढ्यात परभणीला शेजाऱ्यांना फोन लावला, तुळशीला पाणी घाला म्हणून. रेंज जाण्याआधी तो एक फोन करायचाच असतो. बॅगा दाराशी आल्या होत्या. आईला बिनकांद्या-लसणाचं जेवण मिळालं, वरण तिला गोड लागलं, भाकरी मात्र नव्हती. जेवणानंतर तिनं हरिपाठ काढला आणि दिवा चालू ठेवून पलंगावर बसली. अण्णांनी डबीतली सुपारी तोंडात टाकली आणि सकाळी किती वाजता उजाडतं ते दाजींना विचारायला दारातून बाहेर गेले.